रोमची सायकल, डाकारची घोडागाडी

मागच्या पावसाळ्यात आमच्या अभ्यासमंडळाच्या बैठकीत एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, वस्तीतल्या नळाला चार चार दिवस पाणी नाही, आणि तुम्ही आम्हाला इटलीचा सिनेमा काय सांगताय?" प्रश्नात उर्मटपणा नव्हता. मुलगा चळवळीत मनापासून राबणारा आहे. मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण घरी आल्यावर ते उत्तर माझे मलाच खोटे वाटू लागले. तो पुन्हा विचारील त्याआधी नीट मांडणी करावी म्हणून हे लिहीत आहे.

परदेशी चित्रपटांविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते ते बहुधा छायाप्रकाश, लय, कॅमेऱ्याचे कोन यांविषयी असते. तेही असावे. पण ज्या भुकेतून यांतले काही चित्रपट निघाले ती भूक त्या लिखाणात हरवते, आणि मग आपल्या मुलांना वाटते की हा पोट भरलेल्या लोकांचा शौक आहे. माझाही तसाच समज होता.

'बायसिकल थीव्हज' हा व्हित्तोरिओ दे सिका यांचा चित्रपट मी प्रथम पाहिला तो वसतिगृहात असताना. एका फिल्म सोसायटीने तो आणला होता. सभागृहात पुढच्या खुर्च्यांवर शहरातली जाणती मंडळी आणि मागे आम्ही वसतिगृहातली पाच-सहा पोरे, कारण कुणीतरी फुकट पास दिले होते. इंग्रजी अक्षरे पडद्यावर भराभर येऊन जात, निम्मी वाचून व्हायच्या आत पुसली जात. तरी कथा कळायला अडचण पडली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतरचे रोम. शहराबाहेरच्या नव्या चाळींत राहणारा अंतोनिओ रिच्ची हा बेकार माणूस. कामाच्या कचेरीसमोर शंभर माणसांच्या घोळक्यातून त्याचे नाव पुकारले जाते. काम भिंतींवर जाहिराती चिकटवायचे, पण अट अशी की स्वतःची सायकल पाहिजे. सायकल गहाण पडलेली. मग त्याची बायको मारिया बिछान्यावरच्या चादरी ओढून काढते, त्यांचे गाठोडे करते आणि गहाणाच्या कचेरीत नेते.

इथे दे सिका एक गोष्ट दाखवतात. चादरी ठेवायला गेलेला नोकर गाठोडे घेऊन मांडणीवर चढू लागतो. चढतच राहतो. छतापर्यंत अशीच गाठोडी रचलेली, एकेका घरच्या अंथरुणाची. संवाद नाही, शोकसंगीताचा गजर नाही. आमच्या घरची तांब्याची घागर अशीच सावकाराकडे जात-येत असे. आई तिला 'पाहुणी' म्हणायची, कारण ती घरी चार दिवस राही आणि पुन्हा निघे. अंधारात मला त्या मांडणीवर आमची घागर दिसली. शेजारचा मित्र हळूच म्हणाला, "ह्यांच्यातबी गहाण ठेवत्यात व्हय?" त्याला युरोप म्हणजे सगळा साहेबांचा मुलूख वाटत होता. मलाही.

पहिल्याच दिवशी, रिटा हेवर्थ या अमेरिकन नटीचे चित्र भिंतीवर चिकटवताना, अंतोनिओची सायकल चोरीला जाते. पोलीस तक्रार लिहून घेतो आणि तूच शोध म्हणतो. मग बाप आणि त्याचा लहानगा मुलगा ब्रुनो हे दोघे रविवारभर शहर पालथे घालतात. जुन्या बाजारात सायकलींचे सुटे भाग झाले आहेत, कुणाची घंटी, कुणाचे चाक. ते एका देवळात शिरतात. तिथे श्रीमंत घरच्या बाया गरिबांची दाढी करवतात, त्यांना सूप देतात. पण आधी प्रार्थनेला बसले पाहिजे. दानधर्माची ही रीत आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको. चोर सापडतो तेव्हा तोही एका खोलीत कुटुंबासह राहणारा, फिट येणारा पोरगा निघतो. सगळी गल्ली त्याच्या बाजूने उभी राहते आणि पुरावा काहीच नाही. शेवटी फुटबॉलच्या मैदानाबाहेर, जिथे शेकडो सायकली ओळीने लावल्या आहेत, अंतोनिओ मुलाला ट्राम पकडून पुढे जायला सांगतो आणि एक सायकल उचलतो. तत्क्षणी पकडला जातो. लोक त्याला मारतात, त्याची टोपी पाडतात, आणि ट्राम चुकलेला ब्रुनो ते पाहतो. सायकलीचा मालक पोराकडे बघून तक्रार करीत नाही. बाप रडतो, मुलगा त्याचा हात धरतो, दोघे गर्दीत मिसळतात. चित्रपट संपतो.

मूळ इटालियन नाव अनेकवचनी आहे, सायकलींचे चोर. अमेरिकेत तो लावताना नाव एकवचनी केले गेले. मराठीत आपण 'सायकलचोर' म्हटले की चोर एक की अनेक याचा पत्ताच लागत नाही. या एका बाबतीत आपली भाषा दे सिकांच्या जवळची आहे. एकवचन केले की गुन्हेगार एक उरतो, त्याला पकडले की प्रश्न मिटतो. अनेकवचनात बापही येतो. ज्याची चोरी झाली तोच चोर कसा होतो, कुठल्या रस्त्याने होतो, हे पाऊल न पाऊल दाखवणे हाच त्या चित्रपटाचा उद्योग आहे. आपल्याकडे इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा स्वातंत्र्यानंतर, १९५२ साली, उठला आणि तरी पारध्याच्या पोराला पहिल्यांदा उचलण्याची पोलिसी खोड गेली नाही. त्या अनुभवातून आलेल्या वाचकाने हा चित्रपट एकदा तरी पाहावा.

आता हा चित्रपट कुठून आला ते पाहू. मुसोलिनीच्या राजवटीला चित्रपटाचे महत्त्व चांगलेच कळले होते. रोममधले चिनेचित्ता हे अवाढव्य चित्रनगर १९३७ साली त्यानेच उघडले. तिथे इतिहासातल्या पराक्रमाचे चित्रपट निघत आणि दुसरीकडे श्रीमंतांच्या दिवाणखान्यातल्या सुखान्तिका निघत. त्या दिवाणखान्यांत हमखास एक पांढरा टेलिफोन ठेवलेला असे, म्हणून त्या चित्रपटांना पुढे 'पांढऱ्या टेलिफोनचे चित्रपट' हेच नाव पडले. बेकारी, भूक, दक्षिणेकडचा कंगाल शेतकरी पडद्यावर येऊ नये याची काळजी घेतली जाई. बोलीभाषांचाही राजवटीला राग होता. राष्ट्र एक तर भाषा एक, आणि तीही शुद्ध. खुद्द दे सिका त्या काळातले देखणे, लोकप्रिय नट होते, हे इथे सांगून ठेवतो. पांढऱ्या टेलिफोनच्या बाजूचा माणूस सायकलीच्या बाजूला येऊ शकतो.

युद्धात राजवट कोसळली. चिनेचित्तामध्ये निर्वासितांची छावणी पडली. स्टुडिओ नाही, पैसा नाही, कच्ची फिल्म मिळेल तशी. रोम जून १९४४ मध्ये मुक्त झाले आणि काही महिन्यांतच रोबेर्तो रोस्सेल्लिनी यांनी 'रोम, ओपन सिटी' रस्त्यांवर आणि मोडक्या जागांत चित्रित करायला घेतला. तो १९४५ साली पडद्यावर आला. त्याआधी, १९४३ साली, लुकिनो व्हिस्कोन्ती यांच्या 'ओस्सेस्सिओने'ने वाट दाखवली होतीच. चित्रीकरण रस्त्यावर, चेहरे नेहमीच्या नटांचे नव्हेत, विषय काल-परवाचा; या प्रवाहाला नववास्तववाद म्हणू लागले. यातले निम्मे शास्त्र अडचणीतून जन्मले, निम्मे हट्टातून. चेझारे झावात्तिनी हे पटकथालेखक या हट्टाचे मुख्य धनी. त्यांचे म्हणणे असे की नायक शोधायला, कथा रचायला नको. रस्त्यावरच्या कुणाही माणसाच्या मागोमाग चालत राहा, त्याच्या आयुष्यातल्या एका दिवसात पुरेसे नाट्य आहे. आपल्याकडच्या आत्मकथनांना 'ह्यात घटना काय आहेत, नुसते दिवस आहेत' अशी नाके मुरडणारे समीक्षक मला आठवतात. झावात्तिनींनी त्यांना उत्तर देण्याची तसदी घेतली नसती, पुढच्या माणसाच्या मागे चालू लागले असते.

'बायसिकल थीव्हज'साठी भांडवल शोधताना एक गंमत झाली. हॉलीवूडचे बडे निर्माते डेव्हिड सेल्झनिक पैसे द्यायला तयार झाले. अट एकच, की अंतोनिओचे काम कॅरी ग्रँट करील. कॅरी ग्रँट म्हणजे सूटबूट आणि हसरी हनुवटी. दे सिकांनी नकार दिला. त्यांनी घेतला लाम्बेर्तो माज्जोरानी, रोममधल्या एका कारखान्यातला कामगार. ब्रुनोचे काम करणारा एन्झो स्तायोला हा पोरगाही नट नव्हता आणि मारिया झालेली लियानेल्ला कारेल ही पत्रकार होती. माज्जोरानीचे खांदे, चालताना किंचित पुढे झुकणे, अधिकाऱ्यापुढे टोपी काढतानाचा हात, हे कुठल्याही नाट्यशाळेत शिकवता येत नाही. त्याने ते कारखान्याच्या दारात रोज केलेले होते.

पण इथेच माझी पहिली शंका उभी राहते. चित्रपट जगभर गाजला. अमेरिकेने त्याला खास ऑस्कर दिले. १९५२ साली लंडनच्या 'साइट अँड साउंड' मासिकाने समीक्षकांचा कौल घेतला तेव्हा तो जगातला सर्वश्रेष्ठ चित्रपट ठरला. आणि माज्जोरानी? तो कारखान्यात परत गेला. मंदी आली, कामगार कमी करायची वेळ आली, तेव्हा व्यवस्थापनाने त्याला काढले. याने सिनेमात पैसे कमावलेत, दुसऱ्या गरिबाला काढण्यापेक्षा याला काढलेले बरे, असा हिशेब. नट म्हणून त्याला पुढे किरकोळ कामे मिळाली. तो १९८३ साली वारला. बेकारीवरच्या जगातल्या सर्वांत नावाजलेल्या चित्रपटाने आपल्या नायकाला बेकार केले, असे मी म्हणणार नाही. केले ते कारखान्याने. तरी हा हिशेब माझ्या मनातून जात नाही. ज्याचे दुःख पडद्यावर गेले त्याच्या वाट्याला नंतर काय आले, हा प्रश्न आपण कथेलाही विचारतो, कवितेलाही विचारतो. सिनेमाला का विचारू नये?

व्हिस्कोन्ती यांचा 'ला तेर्रा त्रेमा', म्हणजे 'धरणी हादरते', हा त्याच १९४८ सालचा. मिलानच्या मोठ्या सरदार घराण्यातला हा माणूस, आणि विचाराने कम्युनिस्ट. सिसिलीच्या किनाऱ्यावर आची त्रेझ्झा नावाचे कोळ्यांचे गाव आहे. जोव्हान्नी व्हेर्गा यांची १८८१ सालची प्रसिद्ध कादंबरी त्याच गावात घडते. व्हिस्कोन्ती तिथे जाऊन राहिले आणि गावातल्याच कोळ्यांना घेऊन चित्रपट केला. कथा साधी आहे. मासळीचे घाऊक व्यापारी कोळ्यांना लुबाडतात. न्तोनी नावाचा तरुण म्हणतो, आपणच आपली होडी घेऊ, आपली मासळी आपण विकू. घर गहाण टाकून ते धंदा सुरू करतात. पहिल्यांदा बरकत येते. मग वादळात होडी फुटते, घर जाते, माणसे पांगतात, आणि न्तोनीला त्याच व्यापाऱ्यांच्या दारात, त्यांचे हसणे ऐकत, रोजावर जावे लागते. तो एकटा लढला म्हणून हरला, गाव त्याच्याबरोबर उठले नाही, हे चित्रपट दडवत नाही.

माझ्या दृष्टीने या चित्रपटातली मोठी गोष्ट भाषेची आहे. हे कोळी बोलतात ते त्यांच्या गावची सिसिलियन बोली. ती रोमच्या किंवा मिलानच्या प्रेक्षकाला कळत नव्हती. चित्रपटाच्या आरंभीच्या पाटीत व्हिस्कोन्ती सांगून टाकतात की सिसिलीत इटालियन ही गरिबांची भाषा नाही. दिग्दर्शक प्रसंग समजावून सांगत, आणि वाक्य कसे म्हणायचे ते कोळी आपल्या तोंडाने ठरवीत. 'दलित साहित्याची भाषा ओबडधोबड आहे, शिव्यांची आहे, वाचकाला कळत नाही' हे आपण १९७० नंतर किती वर्षे ऐकले! त्याच्या कितीतरी आधी एका सरदारपुत्राने राजधानीतल्या प्रेक्षकाला सांगितले होते की कळत नसेल तर कान तयार करा. चित्रपट धंद्यात आपटला. वर बोलीच्या खाली एक निवेदन घालावे लागले, शुद्ध इटालियनमध्ये, गंभीर आवाजात. ते निवेदन मला खटकते. कोळी बोलतात तेव्हा मी त्यांच्या होडीत असतो. निवेदक बोलू लागला की कुणीतरी मला काठावर नेऊन खुर्ची देतो.

या चित्रपटांना विरोध झाला का? झाला, आणि त्याची भाषा आपल्या ओळखीची आहे. जुलिओ आंद्रेओत्ती हे त्या वेळी मनोरंजन खात्याचे तरुण उपमंत्री होते. पुढे अनेकदा पंतप्रधान झाले. १९४९ च्या अखेरीस त्यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. सरकार चित्रपटांना पैसा देईल, मात्र पटकथा आधी दाखवावी लागेल, आणि देशाची बदनामी करणारा चित्रपट बाहेर पाठवायला परवाना मिळणार नाही. दे सिकांचा 'उम्बेर्तो डी' १९५२ साली आला. निवृत्तिवेतनात पोट न भरणारा म्हातारा आणि त्याचा कुत्रा, एवढाच विषय. आंद्रेओत्तींनी जाहीर पत्र लिहून दे सिकांवर ठपका ठेवला की जगाला इटली म्हणजे हेच वाटले तर आपण मातृभूमीची वाईट सेवा केली असे होईल. म्हणजे काय, तर घरची लक्तरे वेशीवर टांगू नका! ती लक्तरे ज्यांच्या अंगावर आहेत त्यांना वेशीवरच राहावे लागते, हे तिथल्या मंत्र्याला सुचले नाही, इथल्या समीक्षकाला सुचले नाही.

'उम्बेर्तो डी'मध्ये म्हाताऱ्याचे काम फ्लॉरेन्सच्या विद्यापीठातल्या भाषाशास्त्राच्या प्राध्यापकाने, कार्लो बात्तिस्ती यांनी, केले आहे. पण मला आठवते ती मोलकरीण. मारिया नावाची ही पोर पहाटे उठते, स्वयंपाकघरात येते, काड्या ओढून चूल पेटवते, भिंतीवरच्या मुंग्यांवर पाणी मारते, कॉफी दळायला बसते. ती गरोदर आहे आणि लग्न नाही. कॉफी दळता दळता डोळ्यांतून पाणी येते आणि ती बसल्या जागेवरून पायाच्या बोटांनी दार लोटू पाहते. कथा या वेळात तसूभर पुढे सरकत नाही. मोलकरणीच्या सकाळला इतका वेळ तोवर कुणी दिला होता? फिल्म सोसायटीतल्या एका गृहस्थांना हा प्रसंग फार संथ वाटला होता. ते म्हणाले, "कापायला हवा होता." त्यांच्या घरीही सकाळी कुणीतरी चूल पेटवत असणारच.

आपल्याकडे ही लाट पोचली ती जानेवारी १९५२ मध्ये. भारतातला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव मुंबईत भरला, मग मद्रास, दिल्ली, कलकत्ता. 'बायसिकल थीव्हज' त्यात होता. पुढच्याच वर्षी बिमल रॉय यांचा 'दो बीघा जमीन' आला. जमीन वाचवायला कलकत्त्यात रिक्षा ओढणारा शंभू आणि त्याचा मुलगा यांच्यात अंतोनिओ आणि ब्रुनो सहज ओळखू येतात. सत्यजित राय यांनी तो चित्रपट त्याआधीच, १९५० साली, लंडनमध्ये पाहिला होता, आणि 'पथेर पांचाली' त्या पाहण्यातून उभा राहिला हे त्यांनीच सांगितले आहे. दोन्ही मोठे चित्रपट. माझे म्हणणे एवढेच की या वाटेने आपल्या पडद्यावर दारिद्र्य आले, जात फारशी आली नाही. शंभूला पाणी कुठल्या विहिरीवर मिळत होते? रोमच्या सायकलीला जात नव्हती, म्हणून तिची नक्कल करताना आपल्याकडच्या रिक्षालाही ती ठेवली गेली नाही. बिमल रॉय यांनीच पुढे १९५९ साली 'सुजाता' काढून अस्पृश्य मुलीला नायिका केले, पण तिची योग्यता शेवटी पालनकर्त्या ब्राह्मण आईला रक्त देऊन सिद्ध व्हावी लागते. सहानुभूती आली की तिच्या मागोमाग परीक्षाही येते.

सहानुभूती हा शब्द आपल्या साहित्यचर्चेत पुष्कळ झिजला आहे, तरी इथे तो टाळता येत नाही. दे सिका, झावात्तिनी, व्हिस्कोन्ती यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. पण कॅमेरा त्यांच्या हाती होता आणि सायकल दुसऱ्याची होती. लॅटिन अमेरिकेतले काही तरुण, अर्जेंटिनाचे फेर्नान्दो बिर्री, क्यूबाचे गुतिएरेझ आलेआ, रोममध्ये शिकून गेले आणि त्यांनी तिकडे हा प्रवाह जास्त लढाऊ केला. त्यावर स्वतंत्र लिहावे लागेल. मला इथे सांगायचे आहे ते उस्मान सेंबेन यांच्याविषयी. कारण हा माणूस अंतोनिओच्या जागेवरून उठून कॅमेऱ्यामागे गेला.

सेंबेन यांचा जन्म १९२३ चा, सेनेगलच्या दक्षिणेकडच्या झिगिंशोर गावचा. बाप मासेमार. सेनेगल तेव्हा फ्रेंचांच्या ताब्यात. शाळेत मुख्याध्यापकाशी मारामारी झाली आणि शाळा सुटली. मग गवंडीकाम, यंत्रदुरुस्ती, महायुद्धात फ्रेंचांच्या वसाहती सैन्यात भरती, आणि नंतर फ्रान्समधल्या मार्सेय बंदरात गोदी कामगार. तिथे पाठीला दुखापत झाली. तिथेच कामगार संघटना, पक्ष, वाचनालय. ३३ वर्षांचा असताना त्याने पहिली कादंबरी लिहिली, तिचे नावच 'काळा गोदी कामगार'. १९४७-४८ च्या डाकार-नायजर रेल्वे संपावरची १९६० सालची त्याची कादंबरी जगभर वाचली गेली. पण आपल्या ज्या माणसांविषयी आपण लिहितो त्यांना फ्रेंच वाचता येत नाही, हे त्याला डाचत होते. चाळिशीच्या उंबरठ्यावर हा कादंबरीकार मॉस्कोला गेला आणि गॉर्की स्टुडिओत मार्क दोन्स्कोय यांच्या हाताखाली चित्रपट शिकला. चित्रपटाला तो रात्रशाळा म्हणे. आपल्याला हा शब्द नवा नाही. जोतीरावांनी कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली ती १८५५ साली. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९३४ च्या एका फरमानाने फ्रेंचांनी आपल्या आफ्रिकी वसाहतींत सरकारी परवान्याशिवाय चित्रीकरणाला बंदी केली होती. पोथी ऐकणाऱ्याच्या कानात शिसे ओतण्याची ही विसाव्या शतकातली तऱ्हा.

'बोरोम सारे' हा त्याचा १९६३ सालचा चित्रपट सुमारे वीस मिनिटांचा आहे. डाकारमधला एक गाडीवान, त्याचा घोडा, त्याची लाकडी गाडी. पाहिला तेव्हा मी ताडकन उठून बसलो, कारण ही तर रोमचीच सायकल होती! पण माणूस वेगळ्या जागी उभा होता. शेजारपाजारचे गिऱ्हाईक फुकट बसते. एक भाट त्याच्या पूर्वजांचा पराक्रम गाऊ लागतो आणि हा भारावून दिवसाची कमाई त्याच्या हातावर ठेवतो. दारिद्र्यात कुळाचा अभिमान किती महागात पडतो ते सेंबेन हसत हसत दाखवतात. एक बाप मेलेले मूल दफनायला नेतो, कागदपत्रे नीट नाहीत म्हणून दफनभूमीच्या दारात अडवला जातो. मग एक सुटातला माणूस गाडी सांगतो, उंचावरच्या गोऱ्या वस्तीत जायची. तिथे घोडागाड्यांना बंदी आहे. शिपाई अडवतो, सुटातला माणूस सटकतो. गाडीवानाचे सैन्यातले पदक खाली पडते, तो उचलायला वाकतो आणि शिपायाचा बूट पदकावर. गाडी जप्त होते. घोडा घेऊन तो पायी घरी येतो. बायको पोर त्याच्या मांडीवर देते, आज रात्री आपण जेवू असे सांगते आणि बाहेर पडते.

स्वातंत्र्याला तीन वर्षे झाली होती आणि शिपाई आता काळा होता. परका गेल्यावर आपल्यातलाच शिपाई बूट कसा ठेवतो, हे दे सिकांना दाखवण्याची गरज पडली नव्हती. सेंबेनला पडली. १९६६ साली 'ला नुआर दे...' आला. फ्रेंच कुटुंबाबरोबर फ्रान्सला गेलेली दिउआना ही मोलकरीण चार भिंतींत कोंडली जाते आणि अखेर जीव देते. 'उम्बेर्तो डी'तल्या मारियाच्या मनात काय आहे ते आपण अंदाजाने ओळखतो. दिउआनाचे मन आपल्याला तिच्याच शब्दांत ऐकू येते. खरे म्हणजे ते शब्दही फ्रेंच आहेत, दुसऱ्या बाईच्या आवाजातले. दोन वर्षांनी, १९६८ च्या 'मांदाबी'त, सेंबेनने तीही उणीव काढून टाकली. चित्रपट वोलोफ भाषेत केला, डाकारच्या बाजारात बोलतात त्या वोलोफमध्ये. पॅरिसमध्ये झाडूकाम करणारा पुतण्या मनीऑर्डर पाठवतो. ती वटवायला ओळखपत्र पाहिजे, ओळखपत्राला जन्माचा दाखला पाहिजे, दाखल्याला जन्मतारीख पाहिजे, फोटो पाहिजे. इब्राहिमा दिएंग या खिडकीवरून त्या खिडकीवर हिंडतो, उधारी वाढत जाते, आणि शेवटी एक शिकलासवरलेला ओळखीचाच माणूस पैसे गिळतो. जातीच्या दाखल्यासाठी तहसीलीत खेटे घातलेल्या कुणालाही या चित्रपटात हसू येईल आणि हसताना पोटात कालवेल.

राज्यकर्त्यांना तो अर्थातच नको झाला. १९७७ सालच्या त्याच्या 'सेद्दो'वर सेनेगलमध्ये बंदी आली. दिलेले कारण असे की नावात 'द' हे अक्षर दोनदा लिहिले आहे, सरकारी नियमाप्रमाणे एकदाच हवे! त्या वेळचे राष्ट्राध्यक्ष सेंगोर स्वतः नामांकित कवी होते आणि भाषेच्या शुद्धतेचे अभिमानी. सेंबेनने अक्षर काढले नाही. २००७ मध्ये तो वारला. शेवटचा चित्रपट त्याने ८१ व्या वर्षी पूर्ण केला.

आपल्याकडे ही जागा बदलायला २०१३ साल उजाडावे लागले. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'विषयी या वाचकांना मी काय सांगावे? जब्याचे काम करणारा सोमनाथ अवघडे हा खेड्यातला, हलगी वाजवणारा पोरगा, माज्जोरानीसारखाच नट नसलेला. मारलेले डुक्कर काठीला बांधून ती माणसे शाळेच्या भिंतीवरून चालली आहेत आणि भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई. मंजुळे निवेदन घालत नाहीत. आणि ब्रुनोसारखा बापाचा हात धरून गर्दीत मिसळण्याऐवजी जब्या दगड उचलतो. तो दगड बघणाऱ्याच्याच अंगावर येतो. रोमच्या चित्रपटाला हे शक्य नव्हते. त्याचा प्रेक्षक आणि दिग्दर्शक एकाच बाजूला बसलेले होते.

त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला मी हे सगळे सांगणार होतो. पण त्याआधी त्यानेच काम काढले. म्हणाला, "सर, तो वीस मिनिटांचा दाखवा वस्तीत." एका रविवारी संध्याकाळी समाजमंदिराच्या भिंतीवर चादर बांधून आम्ही 'बोरोम सारे' लावला. फ्रेंच बोलणे मी कडेला उभा राहून मराठीत सांगत होतो, म्हणजे ज्या निवेदकाला मी वर नावे ठेवली त्याचेच काम करीत होतो. थोड्या वेळाने लक्षात आले की माझे कुणी ऐकत नाही, त्यांना कळते आहे. मग गप्प बसलो.

चित्रपट संपल्यावर मुले बोलू लागली. शेवटी बायको कुठे गेली, यावर त्यांचा वाद जुंपला. कॉलेजच्या पोरांना वाटत होते की ती वाईट मार्गाला गेली, दुसरे काय. समीक्षकांतही पुष्कळांनी तसेच लिहिले आहे, आणि मीही आजवर वर्गात तसेच सांगत आलो. मागे भिंतीला टेकून एक बाई बसल्या होत्या. चार घरची धुणीभांडी करतात. त्या म्हणाल्या, "असं का म्हणतासा रं? वरल्या वस्तीत कुणाकडं तरी भांडी घासाया गेली आसंल. रातच्याला जेवणावळी आसत्यात त्यांच्यात. मी न्हाई का जात?"

पोरांनी माझ्याकडे पाहिले. आम्ही चित्रपट पुन्हा पहिल्यापासून लावला.